तुझ्या लिस्टमधलं सगळं बघून झालं

चि. चिऊ,

अनेक आशीर्वाद.

जाताना फ्रिजच्या दारावर तू पिक्चर आणि सिरियलींची जी लिस्ट चिकटवून गेलीस ना ती काल रात्री संपली एकदाची. आठ महिने लागले. आई प्रत्येक नावावर पेन्सिलीने काट मारायची आणि मला म्हणायची, चला आता पुढचं लावा, जसं काय मी परीक्षेलाच बसलोय. फोनवर सांगावं म्हटलं तर आमची सकाळ म्हणजे तुझी आदली रात्र, आणि फोन लागला की आईचं सुरू होतं, जेवलीस का, व्हँकूव्हरचा पाऊस थांबला का, मेतकूट संपलं का, त्यात माझं सुपरमॅनचं राहूनच जातं. म्हणून लिहितोय. मोबाईलवर एका बोटाने टाइप करतोय तेव्हा काना मात्रा इकडे तिकडे झाला तर समजून घे.

तू म्हणालीस दहापैकी मार्क द्या. ते मला जमायचं नाही. पण एक आधीच कबूल करतो, माझी नजर जरा वाकडी आहे. रेल्वेत पस्तीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी लोकलच्या केबिनमधे, त्यामुळे पिक्चरमधे ट्रेन दिसली, बस दिसली, विमान दिसलं की मी हिरोकडे बघतच नाही, चालवणारा कुठे आहे ते शोधतो. आणि बहुतेक वेळा तो सापडतच नाही. पूल पडतो, बस लटकते, हिरो उडत येतो, उचलतो, टाळ्या. ती बस कोण चालवत होता, त्याचं काय झालं, दुसऱ्या दिवशी साहेबाने त्याला बोलावून किती कागद भरून घेतले, काही नाही.

अ‍ॅव्हेंजर्सचा तो इन्फिनिटी वॉर मात्र त्याला अपवाद. तो थॅनोस चुटकी वाजवतो आणि अर्धी दुनिया धूळ होऊन उडून जाते हे तर सगळ्यांनाच माहीत आहे, 2018 पासून पोरं तेच करतायत. पण सगळी नावं संपल्यावर तो छोटा सीन येतो ना, निक फ्युरी गाडीतून चाललाय, समोर एक गाडी येऊन धडकते आणि बघतात तर आत ड्रायव्हरच नाही, वर हेलिकॉप्टर जाऊन बिल्डिंगवर आपटतं, तो मला जाम आवडला. कोणीतरी एवढा तरी विचार केला की माणूस गेला तर त्याच्या हातातल्या गाडीचं काय होणार. मी लगेच आईला सांगितलं की आपल्या लोकलमधे मोटरमन धूळ झाला तरी गाडी धडकणार नाही, हँडल दाबून धरावं लागतं, हात सुटला की आपोआप ब्रेक लागतो, डेडमॅन म्हणतात त्याला. आई म्हणाली, अहो तो बिचारा धूळ झाला आणि तुम्हाला ब्रेकचं पडलंय. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, अर्धी माणसं गेली तरी सकाळच्या बदलापूर फास्टला चौथी सीट काय मिळायची नाही.

सुपरमॅन, हा 2025 चा नवीन, तो थेटरात जाऊन बघितला. पोरगा चांगला आहे, डेव्हिड कोरेन्स्वेट, उगाच बॉडी दाखवत फिरत नाही. आपल्याकडे सेन्सॉरने त्याचा किस कापला म्हणे, बिल्डिंगी पडतात ते मात्र सगळं जसंच्या तसं. असो. मला त्यातली खार आवडली. तो मोठा राक्षस शहर तुडवतोय आणि हा गडी मधेच वाकून एका खारीला उचलून बाजूला नेतो. थेटरात मागची पोरं हसली. मी नाही हसलो. रुळावर कुत्रं बसलेलं दिसलं की काय होतं ते मला विचार, शंभर हॉर्न मारतो माणूस, उठत नाही ते, आणि मागे बारा डबे भरून माणसं असतात त्यामुळे तू कुत्र्यासाठी इमर्जन्सी ब्रेक मारू शकत नाहीस. त्या दिवशी जेवणाचा डबा उघडायची इच्छा होत नाही. ज्याने ती खार पिक्चरमधे ठेवली तो दिग्दर्शक, जेम्स गन, त्याला माझ्याकडून एक चहा.

पण त्याच पिक्चरवर माझा एक राग पण आहे. तो फलाफलवाला, मलिक. सुपरमॅन खाली आपटतो तेव्हा खड्ड्यात उतरून त्याला हात द्यायला येतो तो हा गाडीवाला, आणि नंतर तो लेक्स लुथर त्याला सुपरमॅनच्या डोळ्यासमोर गोळी घालतो. का, तर सुपरमॅनला एकदा फुकट खायला दिलं होतं. तो सीन जबरदस्त आहे, आईने तोंडावर पदर घेतला. पण मग पुढे? पुढे सगळं जग वाचतं, गाणं लागतं, तो कुत्रा क्रिप्टो धिंगाणा घालतो, आणि मलिकच्या घरी कोण गेलं का, त्याची गाडी कोपऱ्यावर कोण लावतंय, कोणी विचारत नाही. आपल्या भांडुप स्टेशनबाहेर वडापाववाला चार दिवस दिसला नाही तर पब्लिक विचारतं की रे! बाकी त्याचे ते कॅन्ससचे आईबाप मात्र एकदम आपल्यासारखे. फोनवर ओरडून बोलतात, आपला आवाज तिकडे पोचणार नाही अशा थाटात.

तुझा पहिला सुपरहिरो आठवतो का, शक्तिमान. रविवारी दुपारी बारा वाजता. तू गोल गोल फिरून गोदरेजच्या कपाटावर आपटलीस आणि भुवईला दोन टाके पडले, खूण अजून असेल. डॉक्टरांनी विचारलं कसं लागलं, तू म्हणालीस मी उडणार होते पण कपाट मधे आलं.

आईला फँटॅस्टिक फोर आवडला. मला फारसा नाही, पण तिची बाजू लिहायला तिनेच सांगितलंय. ती म्हणते जगात पहिल्यांदा कोणीतरी दाखवलं की बाईला कळा सुरू झाल्यात आणि नेमकं तेव्हाच बाकीच्या सगळ्यांना दुसरं काहीतरी अर्जंट आहे. ती स्यू अंतराळात बाळंत होते, मागे ती चंदेरी बाई लागलीय, नवरा गणितं करतोय. आईचं म्हणणं तू झालीस तेव्हा मी पण असाच होतो, बाहेर पेपरवर ओव्हरटाइम मोजत होतो. मी मोजत नव्हतो. मी रजेचा अर्ज लिहीत होतो, पण तीस वर्षांत तिने ते मान्य केलेलं नाही. मग तो ग्रह गिळणारा गॅलॅक्टस बाळ मागतो, हे देत नाहीत, तर सगळी दुनिया यांच्यावरच चिडते की एका पोरापायी आम्हाला मारता का. हे मात्र खरं वाटलं. आणि पुढे पृथ्वी हलवायची म्हणून सगळ्या जगाची वीज वाचवायला लावतात, तेव्हा आई म्हणाली लोडशेडिंग करून जग वाचवायचं असेल तर आमच्या गावाकडच्यांनी केव्हाच वाचवलं असतं.

मिस मार्व्हलमधे हिरॉईनचा बाप कोण आहे माहितीये का तुला? मोहन कपूर! झी टीव्हीवर सापसीडी करायचा तो! मी ओळखल्या ओळखल्या ओरडलो तर आईला वाटलं दूध उतू गेलं. त्यात तो बाप हिरवा रंग फासून, हल्क बनून येतो, पोरीसोबत त्या सुपरहिरोंच्या जत्रेला जायला, आणि पोरीला लाज वाटते, नको म्हणते. त्याचा चेहरा बघवला नाही मला. तुझ्या शाळेच्या गॅदरिंगला मी ड्युटीवरून थेट युनिफॉर्ममधे आलो होतो आणि तू मैत्रिणींना सांगितलंस की हे आमचे शेजारी आहेत. विसरली असशील. मी नाही विसरलो, पण राग पण नाही. पुढे 1947 ची ती गाडी, फाळणीची, कराचीला जाणारी, त्या गर्दीत हरवलेलं लेकरू बापाकडे कसं पोचतं ते दाखवलंय, ते दोनदा बघितलं. बाकी सिरियल शेवटी शेवटी ढिली पडते, ते दुसऱ्या जगातले लोक कशाला आणले काय कळलं नाही.

मिन्नल मुरली मल्याळममधे बघ म्हणालीस, आम्ही हिंदीत बघितला, माफ कर. पण काय पिक्चर आहे! शिंपी. सुपरहिरो चक्क शिंपी, कुरुक्कनमूला नावाच्या खेड्यातला, अमेरिकेला जायची स्वप्नं बघतो आणि वीज पडते अंगावर. आणि त्याच रात्री तीच वीज दुसऱ्या एका माणसावर पण पडते, तो शिबू, ज्याला गाव वेडा म्हणून हाकलतं, ज्याचं आयुष्यभर एकाच बाईवर प्रेम. तो व्हिलन आहे असं सगळे म्हणतात. मला नाही वाटला. त्या नटाने, गुरु सोमसुंदरम, एका रडण्यात सगळ्या हॉलिवूडला मागे टाकलंय. आणि बसचा सीन आहे, दरीत जाणारी बस, त्यात ड्रायव्हर दाखवलाय! नीट! म्हणून माझ्याकडून पैकीच्या पैकी, झालं, दिले मार्क.

पंचायतबद्दल थोडक्यात. पहिले दोन सिझन सोनं. दुसऱ्याच्या शेवटी प्रह्लादचाचाचा मुलगा जातो तेव्हा आपण तिघं सोफ्यावर बसलो होतो, कोणी कोणाकडे बघत नव्हतं, आठवतंय ना. चौथा म्हणजे नुसती निवडणूक, दुधी भोपळा विरुद्ध प्रेशर कुकर, आठ एपिसोड. अरे आपल्या सोसायटीची निवडणूक यापेक्षा रंगते, त्यात निदान पार्किंगवरून हाणामारी तरी होते. मंजूदेवी हरते ते मात्र बरं केलं, नाहीतर सवय लागते जिंकायची.

आता द रेल्वे मेन. हे तू माझ्यासाठी टाकलंस हे उघड आहे. भोपाळ, 2 डिसेंबर 1984 ची रात्र. मी तेव्हा नोकरीत पण नव्हतो, पण लागल्यावर जुने लोक सांगायचे, भोपाळ म्हटलं की लॉबीत, म्हणजे आमच्या ड्युटीवर हजेरी लावायच्या खोलीत, आवाज खाली यायचा. के के मेनन स्टेशन मास्तर आहे त्यात. खरा माणूस होता तो, गुलाम दस्तगीर नावाचे, डेप्युटी स्टेशन सुपरिटेंडेंट, त्यांनी प्लॅटफॉर्मवर उभी असलेली गाडी वेळेच्या आधी सोडली, वरच्या परवानगीची वाट न बघता, आणि स्वतः स्टेशनवर थांबले. गॅसने त्यांचा घसा कायमचा गेला, 2003 मधे वारले. तुला वाटेल गाडी आधी सोडली त्यात काय एवढं. बाळा, आमच्याकडे गाडी दोन मिनिटं उशिरा गेली तर स्पष्टीकरण द्यावं लागतं आणि वेळेच्या आधी सोडली तर नोकरी जाऊ शकते. सिग्नल लाल म्हणजे लाल. तुझ्या त्या अ‍ॅव्हेंजर्समधे कोणाला मेमो मिळत नाही, म्हणून त्यांना सोपं जातं. चार एपिसोड आहेत, थोडा मसाला आहे, त्या डाकूची काय गरज होती मला नाही कळलं, पण फोन डेड झालेत आणि माणूस रिसीव्हर धरून बसलाय, पुढच्या स्टेशनला कळवायचंय की येऊ नका, ते बघताना मी उठून बाल्कनीत जाऊन आलो.

त्यावरून वांगणीचं आठवलं. 17 एप्रिल 2021, मयूर शेळके, पॉइंट्समन. आंधळी आई प्लॅटफॉर्मच्या कडेने चाललीय, पोरगं रुळावर पडतं, समोरून मेल गाडी येतेय, आणि हा गाडीच्या दिशेने पळत जातो, पोराला वर ठेवतो, स्वतः वर चढतो आणि मागून गाडी निघून जाते. रेल्वेने 50 हजार दिले तर त्यातले अर्धे त्या पोराच्या घरी देतो म्हणाला. सगळ्या देशाने तो व्हिडिओ बघितला. आम्ही लॉबीत बघितला, ड्युटी संपवून आलेले आठ दहा जण, आणि सगळ्यांच्या तोंडून एकच निघालं, तो इंजिनवाला काय बघत असेल रे. त्याने ब्रेक मारलाच असणार पण मेल गाडी काय सायकल आहे का. त्याला ते पोरगं दिसतंय, त्याला शेळके दिसतोय, आणि त्याच्या हातात आता काही उरलेलं नाही, नुसतं बघायचं. तो व्हिडिओ वरच्या कॅमेऱ्यातून आहे. केबिनमधून कसा दिसला असेल ते फक्त आम्हाला माहीत.

पस्तीस वर्षांत माझ्या गाडीखाली किती आले ते मी तुला कधी सांगितलं नाही आणि आता पण सांगणार नाही. तू लहानपणी विचारायचीस की पप्पा कधी कधी घरी येऊन लगेच आंघोळ का करतात. ते तेच दिवस.

अडोलसन्स त्याच्याच पुढच्या आठवड्यात बघितलं, तेव्हा मूड आधीच खाली होता. तू म्हणाली होतीस की प्रत्येक एपिसोड एका शॉटमधे आहे, कट नाही, मला आधी त्यात काय विशेष वाटलं नव्हतं. मग बघायला लागल्यावर कळलं की अरे ही तर आपली सीएसएमटी कल्याण स्लो आहे! सगळं सलग, रिटेक नाही, मधे कुठे डुलकी नाही, एक जण चुकला की सगळं परत पहिल्यापासून. दुसऱ्या एपिसोडच्या शेवटी कॅमेरा चालता चालता ड्रोनला लावला आणि तो उडत गेला हे तू फोनवर समजावलंस तेव्हा मी परत लावून बघितलं, जोड कुठे आहे ते शोधत बसलो, नाही सापडला. शाळेतल्या मुलीच्या खुनात पकडलेला तेरा वर्षांचा जेमी, तो झालेला पोरगा, ओवेन कूपर, पंधरा वर्षांचा असताना एमी अवॉर्ड घेऊन गेला, घेणारच.

पण मला बाप दिसतो, काय करणार. एडी. प्लंबर आहे, सकाळी लवकर निघतो, उशिरा येतो, पोराला फुटबॉलला नेलं, तिथे पोरगा हरला तर याने मान दुसरीकडे वळवली, बस एवढंच. मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. पोरगा खोलीत कॉम्प्युटरवर आहे म्हणजे सुरक्षित आहे असं समजला. शेवटी पोराच्या गादीत बसून रडतो आणि टेडीला पांघरूण घालतो. आई झोपली होती, मी एकटाच बघत होतो. तू तेरा वर्षांची होतीस ते वर्ष मी आठवायला बसलो. 2009. तू कुठल्या बेंचवर बसायचीस, मैत्रीण कोण होती, मार्क किती, काही आठवेना. माझी डायरी काढली, ड्युटीची, तर त्यात पहाटेच्या किती, रात्रीच्या किती, कुठे फेल्युअर झालं सगळं आहे. तुझं एकच आहे, 'चिऊला ताप, आईने नेलं'. तुझं चांगलं झालं त्यात माझा हात किती, असं त्या रात्री वाटत राहिलं. सकाळी आईला सांगितलं तर म्हणाली फार इंग्रजी सिरियली बघू नका.

आणि आता स्पायडरमॅन. दोन नंबरचा, टोबी मॅग्वायरवाला. तो लिस्टमधे तू मुद्दाम शेवटी टाकलास हे मला कळलं बरं का.

2004 चा पावसाळा, तू तिसरीत, दादरला हिंदीतून बघितला होता आपण. ट्रेनचा सीन आला. तो पाठीला चार यांत्रिक हात असलेला माणूस केबिनमधे घुसतो, हँडल पुढे ढकलतो आणि उपटून फेकून देतो, गाडी सुसाट. आणि मी थेटरात मोठ्याने म्हणालो, अरे हँडल गेलं तर गाडी थांबते, सुसाट सुटत नाही! आणि गार्ड कुठे आहे याचा? गार्डने मागून ब्रेक मारायला काय झालं? पब्लिकने चेन ओढायची! तू माझा शर्ट ओढत होतीस, पप्पा गप बसा ना, लोक बघतायत. पुढच्या रांगेतले एक काका वळून म्हणाले, साहेब तुम्ही रेल्वेत का. नंतर तर तूच शोधून काढलंस की न्यूयॉर्क म्हणून दाखवलेली ती गाडीच मुळात शिकागोची आहे, वरच्या पुलावरून जाणारी. म्हणजे मी बरोबरच होतो, सगळंच खोटं.

परवा परत बघितला, एकवीस वर्षांनी. यावेळी हँडलकडे लक्ष गेलंच नाही. तो पोरगा गाडीच्या नाकावर उभा आहे, दोन्ही हातांनी दोन्ही बाजूच्या बिल्डिंगींना जाळी फेकून ताणून धरतो, कपडे फाटतात, गाडी थांबते आणि तो बेशुद्ध होऊन पुढे पडतो, तेवढ्यात आतून हात येतात. पॅसेंजरचे. त्याला आत ओढून डोक्यावरून, हातावर हात, अलगद डब्यात मागे नेतात आणि खाली ठेवतात. तोंडावर मास्क नाही. एक माणूस म्हणतो हा तर पोरगाच आहे, माझ्या मुलापेक्षा मोठा नाही. आणि दोन लहान पोरं मास्क आणून देतात, आम्ही कोणाला सांगणार नाही.

हे 2004 ला मी बघितलंच नव्हतं. मी तेव्हा गार्ड शोधत होतो.

मग पुढच्या वर्षी 26 जुलै आली. तू नऊ वर्षांची. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला आणि माझी गाडी सायन आणि कुर्ल्याच्या मधे उभी राहिली. पाणी रुळाच्या वर आलं, करंट गेला, सिग्नल गेले. आपलं क्वार्टर तेव्हा कुर्ल्याला, म्हणजे दिवस असता तर मला केबिनमधून आपली बिल्डिंग दिसली असती, एवढ्यावर होतो, पण गाडी सोडून मोटरमनला जाता येत नाही. पब्लिक आधी आलं शिव्या द्यायला. तुझ्या बापाची गाडी आहे का, चालव की. मी खिडकीतून हात जोडले, म्हटलं करंट नाही. दोन तास शिव्या, मग अंधार पडला तसा शिव्या बंद. मग काही पोरांनी साखळी करून बायकांना खाली उतरवायला सुरुवात केली, छातीएवढ्या पाण्यातून, दोरी नाही, ओढण्या बांधून. कोण कुठले माहीत नाही. आणि रात्री कधीतरी पहिल्या डब्यातून एक बाई केबिनच्या दारापर्यंत आल्या, मच्छी विकणाऱ्या होत्या, टोपली तिथेच ठेवलेली, मला म्हणाल्या, मास्तर तुम्ही कायतरी खाल्लंव का. प्लॅस्टिकच्या पिशवीत तांदळाची भाकरी होती, अर्धी मोडून दिली. मला हाताला धरून डब्यात नेलं, बसायला जागा केली, एकाने स्वतःचा सुका टॉवेल दिला. मी वायरलेस नसलेला, करंट नसलेला, काही म्हणजे काही करू न शकणारा माणूस, आणि ते मला विचारत होते घरी कोण कोण आहे. मी म्हटलं मुलगी आहे, तिसरीतून चौथीत गेलीय.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो. तू दारातच होतीस. पहिला प्रश्न काय विचारलास आठवतंय का? पप्पा, तुम्ही स्पायडरमॅनसारखी गाडी का नाही ओढलीत, दोन्ही बाजूला हात लावून? आणि मी चिडलो. आईवर पण चिडलो. म्हटलं हे असले पिक्चर दाखवायचे नाहीत हिला. तू तोंड बारीक करून आत गेलीस आणि तो विषय संपला, आपण परत कधी बोललोच नाही त्यावर.

तर परवा तो सीन संपल्यावर मला उत्तर सुचलं. वीस वर्षं उशिरा गाडी, सॉरी. मी नाही ओढली बाळा, मलाच ओढून आत घेतलं लोकांनी. भाकरी दिली. तेव्हा सांगायला पाहिजे होतं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, नाही, त्याच्या आधीच्या, 2024 च्या, वाशी स्टेशनला एक माणूस गाडीखाली अडकला तर सगळं पब्लिक उतरून डबा ढकलायला लागलं, तो व्हिडिओ तू मला पाठवला होतास ना, आणि खाली लिहिलं होतंस 'पप्पा बघा'. मी फक्त अंगठा पाठवला होता. तर ते पण याच्यातच धर.

आता तुझ्या पिक्चरचं, तू कॉम्प्युटरवर ज्याचं काम केलंस त्याचं. नाव लिहीत नाही, तुझा तो करार आहे ना कोणाला सांगायचं नाही वाला, आईने तर शेजारी पण 'एक पिक्चर आहे' एवढंच सांगितलंय, आणि सगळ्या मजल्याला कळलंय. त्या आधीच्या पिक्चरला, तू मालाडच्या स्टुडिओत नाइट करायचीस तेव्हाच्या, मी मॉलमधे गेलो होतो हे तुला अर्धंच सांगितलं होतं. शेवटी नावं सुरू झाली तसे त्यांनी लाइट लावले आणि दोन मिनिटांत पडदा बंद. मी म्हटलं अहो थांबा, मुलगी आहे यात. तो साफसफाईचा पोरगा म्हणाला काका सगळे जातात ना, म्हणून बंद करतात. मी दुसऱ्या दिवशी परत तिकीट काढलं, सकाळचा स्वस्तवाला शो, आणि त्याला आधीच सांगून ठेवलं. त्याने वर जाऊन कोणाला तरी सांगितलं. नावं सुरू झाली. तो आणि त्याच्याबरोबरची दोन पोरं झाडू घेऊन माझ्या बाजूला उभी राहिली आणि आम्ही चौघं वाचत बसलो. किती नावं असतात गं! दहा मिनिटं पळतायत. एक पोरगा दर वेळी म्हणायचा, काका हे मराठी वाटतंय, हे का? शेवटपर्यंत आलं नाही. मग तूच सांगितलंस की प्रत्येक कंपनीला ठराविक नावांचाच कोटा असतो, चित्रातल्या तारा पुसणारे, चित्रातली माणसं कापून वेगळी करणारे बहुतेक राहतात. सेकंदाला चोवीस चित्रं आणि प्रत्येकातून हिरोच्या पाठीची दोरी पुसायची आणि पुसणाऱ्याचं नाव नाही. मला फार वाईट वगैरे वाटलं नाही, उलट ओळखीचं वाटलं. माझं पण नाव कधी अनाउन्समेंटमधे आलं नाही.

पण यावेळी घरीच होतो. टीव्हीवर आलं. आता टीव्हीची वेगळीच तऱ्हा, नावं सुरू झाली की पडदा कोपऱ्यात बारीक होतो आणि पुढचं कायतरी आपोआप लागतं, खालच्या मजल्यावरच्या पोराला बोलवून ते बंद करायला शिकलो. आई पुढे खुर्ची घेऊन बसली, मी रिमोट धरून. थांबव, पुढे, थांबव, पुढे. चाळीस मिनिटं लागली. सापडलं. मी फोटो काढलाय, सोबत पाठवतोय, त्यात टीव्हीच्या काचेत ट्यूबलाइट आलीय आणि आईचं अर्धं डोकं, तिकडे दुर्लक्ष कर. तिसऱ्या ओळीत बघ, उजवीकडून दुसरं. आपल्या आडनावात त्यांनी एक एच जास्त घातलाय. तुझ्या ऑफिसात जो कोण हे बघतो त्याला सांग, पुढच्या वेळी नीट घाला म्हणावं, आणि नवीन लिस्ट पाठव.

तुझे,
पप्पा

ता. क. मेतकूट आईने केलंय, कोणी येणारं असेल तर कळव.